रोइंगचा खोदलेला कोर्स कसा वाचायचा, आणि मग आपल्या तलावाकडं कसं बघायचं

माझा भाचा पारोळ्याचा. उंची सहा फूट दोन इंच, त्यामुळं फौजेत भरती झाल्यावर ट्रेनिंगमध्येच त्याला रांगेतून बाजूला काढलं आणि विचारलं, पोहता येतं का. तो म्हणाला विहिरीत पोहतो, आणि तिथून तो रोइंगमध्ये, म्हणजे वल्ह्यांनी बोटी पळवायच्या खेळात, गेला. घरी फोन आला तेव्हा माझ्या आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, एवढंच विचारलं, "नाव चालाडाले फौजमा गया का रे तू?" मग एक दिवस त्यानं पुण्याहून व्हिडिओ कॉल केला, कॅमेरा पाण्याकडं फिरवला आणि म्हणाला, "मामा, हाऊ तलाव नही, पट्टी शे पट्टी."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. समोर खरंच पट्टी होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पाणी, दोन्ही काठ समांतर. कोणीतरी कधीतरी बसून ठरवलं असणार की इथं असं पाणी पाहिजे, मग माती काढली असणार, ती कुठंतरी टाकली असणार, पाणी कुठून तरी आणलं असणार. तेव्हापासून जगात जिथं जिथं असे कोर्स, म्हणजे रोइंगच्या शर्यतीसाठीच्या सरळ पट्ट्या, खोदले त्यांचा इतिहास मी शोधतोय, आणि आता आमच्याकडं कोणीही "आपल्या तलावात पण असं करू ना भाऊ" म्हणालं की मी त्याला आधी हे वाचायला शिकवतो. कारण एकदा तुम्हाला खोदलेला कोर्स वाचता आला की आपल्या तलावाबद्दल काय विचारायचं ते आपोआप समजतं. खाली लिहिलंय ते सगळं मोबाइल, एक वही आणि दोन-चार रविवार एवढ्यात होण्यासारखं आहे.

सुरुवात मोजण्यापासून करा. मोबाइलवर नकाशा उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि ॲमस्टरडॅमचं 'बोसबान' शोधा. शहराच्या कडेला हिरव्या जंगलात एक सरळ निळी रेघ दिसेल. नकाशातलं अंतर मोजायचं टूल घ्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा, साधारण २२०० मीटर येईल. रोइंगची मोठी शर्यत २००० मीटरची असते, वरचे दोनशे मीटर सुरुवातीला बोटी लावायला आणि संपल्यावर थांबायला, कारण आठ जणांची बोट सतरा-अठरा मीटर लांब असते आणि ती वेगात आली की ब्रेक मारल्यासारखी थांबत नाही. आता रुंदी मोजा. एक लेन साधारण साडेतेरा मीटरची धरतात, मोठ्या स्पर्धेला सहा ते आठ लेन लागतात, म्हणजे आठ लेनचे १०८ मीटर झाले, वर दोन्ही बाजूला थोडी मोकळी जागा. हे दोन आकडे वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढं सारखे लागणार आहेत.

तिसरा आकडा वरून दिसत नाही, तो खोलीचा. नवीन कोर्स खोदताना साडेतीन मीटरच्या आसपास खोली ठेवतात आणि तळ सगळीकडं सारखा ठेवतात. का, तर उथळ पाण्यात बोट जड होते. पाणी जितकं कमी खोल तितकी लाट हळू चालते, एक मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला तीन मीटरच्या थोडी वर जाते, साडेतीन मीटर खोलीवर तीच पावणेसहा मीटरच्या पुढं जाते. चांगला रोअर, म्हणजे वल्हवणारा, एकट्याच्या बोटीत सेकंदाला पाच मीटरनं जातो. म्हणजे पाणी अडीच मीटरच्या आसपासच असेल तर लाटेचा वेग आणि त्याचा वेग जवळजवळ सारखाच होतो, आणि तो स्वतःच उठवलेल्या लाटेवर सारखा चढावर ओढल्यासारखा ओढत राहतो. आणि एका लेनखाली खड्डा आणि दुसरीखाली उंचवटा असेल तर शर्यत सुरू व्हायच्या आधीच निकाल लागल्यासारखं होतं. ज्यानं बैलगाडी एकदा मुरमावरून आणि एकदा काळ्या चिखलातून नेलीय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मोजून झालं की दुसरा प्रश्न. आधी इथं काय होतं? माझ्या मते सगळ्यात जास्त इतिहास या एका प्रश्नात असतो, इथं घाई करू नका. गुगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची चित्रं बघायची सोय आहे, कॉम्प्युटरवर ती चांगली चालते, वर्ष मागं मागं नेत जा. फार जुन्या कोर्सची तशी चित्रं मिळणार नाहीत, तिथं वाचावं लागतं.

बोसबानचंच घ्या. हा १९३६ मध्ये सुरू झाला, आज जगातला सगळ्यात जुना खोदलेला रोइंग कोर्स तोच. त्याच्या आठ वर्षं आधी, १९२८ ला, ॲमस्टरडॅममध्ये ऑलिम्पिक झालं होतं आणि तेव्हा रोइंग एका कालव्यात घेतलं होतं, तो इतका अरुंद की एका वेळी दोनच बोटी सुटायच्या. मग मंदी आली, हाताला काम नव्हतं, आणि शहरानं बेकार लोकांना कामाला लावून एक अख्खं जंगल उभं केलं, त्याच कामात ही पट्टी खोदली. फावडं, घमेलं आणि माणसं. हे वाचलं तेव्हा मला लगेच आपलं १९७२ आठवलं, म्हणजे आईकडून ऐकलेलं. दुष्काळी काम, खडी फोडणं, पाझर तलावावर माती वाहणं, मस्टरवर नाव लागलं का म्हणून रोज विचारणं. आपली रोजगार हमी त्यातूनच उभी राहिली आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. त्यांच्याकडं मंदीतल्या कामातून रोइंगचा कोर्स निघाला, आपल्याकडं पाझर तलाव निघाले, दोन्हीकडं भुकेल्या हातांनीच माती काढली. बोसबान आधी पाच लेनचा होता, तो वाढवत वाढवत २००१ ला आठ लेनचा केला, आणि २०१४ ला तिथं जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. म्हणजे बेकार मजुरांनी काढलेल्या खड्ड्यात जवळजवळ ऐंशी वर्षांनी जग येऊन वल्हवून गेलं.

दुसरा प्रकार इंग्लंडमध्ये दिसतो. तिथं नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीच्या काठी होम पियरपाँट नावाचा कोर्स आहे, १९७३ ला सुरू झालेला, १९७५ आणि १९८६ ला तिथं जागतिक स्पर्धा झाल्या. ती जागा आधी वाळू-खडीची खाण होती. खडी काढून काढून खड्डे पडलेले, ते सरळ करून, पाण्यानं भरून कोर्स केला. नदीकाठच्या अशा जागेत थोडं खोदलं की जमिनीतलं पाणी वर येतंच, आपल्या तापीच्या पात्रात झिरा उकरल्यावर येतं तसं. लंडनजवळचा डॉर्नी लेकही याच वाटेनं झाला. ईटन नावाची जुनी शाळा आहे, तिथल्या शिक्षकांच्या मनात १९६० च्या दशकात आलं की थेम्समध्ये पोरांना शिकवणं अवघड झालंय, प्रवाह असतो, बोटींची गर्दी असते. प्रत्यक्ष काम १९९० च्या दशकात सुरू झालं, कित्येक वर्षं खडी-वाळू निघत राहिली, आणि २००६ ला पूर्ण झालं. २२०० मीटर, आठ लेन, साडेतीन मीटर खोल, आणि शेजारून बोटी परत न्यायला वेगळी लेन. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकचं रोइंग तिथंच झालं आणि ब्रिटननं रोइंगची चार सुवर्णं त्या पाण्यात घेतली. विचार आला तेव्हाचे शिक्षक आणि शेवटी पाण्यात उतरलेली पोरं यांच्यात चाळीस वर्षांचं अंतर आहे, हे मला फार मोठं वाटतं.

डॉर्नीची अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. खोदताना तिथं थेम्सचं जुनं, बुजलेलं पात्र लागलं आणि त्यावरच्या कांस्ययुगातल्या लाकडी पुलांचे अवशेष निघाले. पुरातत्त्ववाल्यांनी आधी ते सगळं नोंदवून घेतलं. आपल्याकडं तापीच्या खोऱ्यात हे जास्तच लागू आहे, प्रकाशाला उत्खनन झालंय आणि ताम्रपाषाण काळाची वस्ती सापडलीय. तुमच्या वहीत एक ओळ त्यासाठी ठेवा, इथं मातीखाली काय असू शकतं.

तिसरा प्रकार ऑलिम्पिकच्या तारखेसाठी खोदलेल्या कोर्सचा. जपानचा तोदा कोर्स १९४० च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी केला, युद्धामुळं ते ऑलिम्पिक झालंच नाही, पाणी तसंच थांबून राहिलं आणि १९६४ ला खरं ऑलिम्पिक तिथं आलं. जर्मनीत म्युनिकजवळ १९७२ साठी केला. ग्रीसमध्ये अथेन्सजवळ स्किनियास, २००४ साठी, तो समुद्रकाठच्या पाणथळ जागेत, मॅरेथॉनच्या जुन्या रणभूमीच्या जवळ, त्यामुळं त्यावर खूप वाद झाला. तारीख पक्की असली की जागेचे प्रश्न मागं पडतात, त्याचं काय होतं ते वाऱ्याच्या ठिकाणी येईलच.

आता मातीचा हिशोब, हा स्वतः करा, वाचून सोडू नका. लांबी २२०० मीटर, रुंदी मोकळी जागा धरून १५० मीटर, खोली साडेतीन. गुणाकार केला की ११ लाख ५५ हजार घनमीटर येतात. एका डंपरमध्ये दहा घनमीटर धरले तर एक लाख पंधरा हजारांवर खेपा. खडी-वाळू असली तर ती विकली जाते, खोदणं म्हणजे त्यांच्यासाठी धंदाच असतो, खड्डा फुकट पडतो. आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड, आणि तापीजवळ गेलं तर खोल गाळाची पोयटा जमीन जिच्यावर केळी उभी आहे. केळीची जमीन खोदून तिथं कोर्स करायचा असं कोणी म्हणत असेल तर मी तरी त्याला रावेर-यावलच्या बांधावर नेऊन उभा करीन. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्यात सरळ काठ टिकवायला दगडी पिचिंग लागतं, तो खर्च वेगळा. म्हणून कुठल्याही कोर्सचा इतिहास वाचताना माती कुठं गेली आणि तिचे पैसे कोणाला मिळाले हे शोधा, त्यातून तो कोर्स का शक्य झाला ते निम्मं कळतं.

मग पाणी. वरचाच आकडा पाण्याच्या भाषेत घेतला तर ११५ कोटी लिटर, पाटबंधारेवाल्यांच्या हिशोबात साधारण ४१ दशलक्ष घनफूट. हे एकदा भरलं की झालं असं नाही. पाण्याचा पृष्ठभाग ३३ हेक्टर होतो. भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, अशा दिवसात समजा एक सेंटीमीटर पाणी उडालं तर एका दिवसात ३३ लाख लिटर गेलं, म्हणजे दहा हजारी टँकर ३३० भरले. आणि त्याच दिवसात कुठल्या तरी गावात बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या असतात. हा आकडा मी कोणाला गप्प करायला सांगत नाही, पण कोर्स मागणाऱ्यानं तो आधी स्वतःच्या तोंडानं म्हणून बघावा.

पाण्याबाबत आपल्याच देशातलं एक पान आहे, ते सगळ्यांनी वाचलं पाहिजे. १९८२ ला दिल्लीत आशियाई खेळ झाले तेव्हा रोइंग दिल्लीत नव्हतं, ते जयपूरजवळच्या रामगढ तलावात झालं. तो खोदलेला कोर्स नाही, बाणगंगा नदीवर बांध घालून केलेला जुना जलाशय, जयपूरला पिण्याचं पाणी तिथून जायचं. तिथं आशियातल्या बोटी पळाल्या. आणि पुढच्या वीसेक वर्षांत तो तलाव कोरडा पडला. वरच्या पाणलोटात ठिकठिकाणी बांध आणि अतिक्रमणं झाली, पाणी खाली येणंच थांबलं, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. सॅटेलाइटवर बघा, बांध तसाच उभा आहे आणि आत जमीन. म्हणून कोर्सचा इतिहास वाचताना नुसतं पाणी बघू नका, पाण्याच्या वरच्या अंगाला चला, ओढे कुठून येतात, मध्ये काय काय झालंय ते बघत.

आपल्या भागात हे काम करायला सगळ्यात चांगली माणसं म्हणजे पांझरेच्या काठची म्हातारी मंडळी. तिथं फड पद्धत पिढ्यान्पिढ्या चाललीय, बंधारा, पाट, फड, आणि पाणी सोडणारा पाटकरी, सगळं गावानं ठरवून. ज्यानं आयुष्यभर पाळीचं पाणी वाटलंय त्याला नदीचं कुठलं वर्ष कसं गेलं हे तोंडपाठ असतं. तापीकाठच्या भोई लोकांना तळ माहीत असतो, कुठं खडक, कुठं गाळ, कुठं जाळं अडकतं. वही घेऊन त्यांच्या ओट्यावर बसा, चहा होऊ द्या, आणि आकडे विचारू नका, गोष्टी विचारा. कुठल्या साली पाणी कुठवर आलं होतं, कुठला दगड उघडा पडला होता. आकडे नंतर आपण लावू.

वाऱ्याचं सोपं आहे पण लोक तोच विसरतात. शर्यतीत वारा समोरून किंवा मागून आला तर सगळ्यांना सारखा, आडवा आला की एका काठाच्या लेनला आडोसा आणि दुसऱ्या काठाच्या लेनला लाटा. होम पियरपाँटचा आडवा वारा रोअर लोकांमध्ये प्रसिद्ध आहे. स्किनियासला तर ऑलिम्पिकच्या आदल्या वर्षी, २००३ ला, ज्युनिअरची जागतिक स्पर्धा घेतली तेव्हा एवढा वारा सुटला की बोटींमध्ये पाणी भरलं, काही बुडाल्या. एकट्याची बोट चौदा किलोची असते, काठ पाण्यापासून वीतभर पण नाही, तिला लाट म्हणजे काय हे समजून घ्या. तर कोर्सची रेघ नकाशावर कुठल्या दिशेला आहे ते लिहा आणि तिथला नेहमीचा वारा कुठून येतो ते शेजारी लिहा. आपल्याकडं वारा बघायला यंत्र लागत नाही, साक्रीकडं जा, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांची तोंडं कुठं वळलीत ते बघा. तिथं त्या कंपन्यांनी उगीच नाही लावल्या. पवनचक्कीला चांगली जागा ती रोइंगला वाईट, एवढं साधं गणित आहे. पहाटेचं पाणी मात्र आपल्याकडंही आरशासारखं असतं, पोरं सरावाला साडेपाचला उतरतात ती त्यासाठीच.

आता काठ. हा प्रयोग घरी करा. कुठल्याही शेततळ्यावर जा, ज्याला प्लास्टिकचा कागद लावलाय आणि काठ तिरपा आहे, आणि एक मुठीएवढा दगड मधोमध टाका. लाट काठावर जाते, थोडी वर चढते, परत येते पण दमून येते. मग विहिरीजवळच्या सिमेंटच्या हौदात तसाच दगड टाका. उभी भिंत लाट जशीच्या तशी परत पाठवते, समोरच्या भिंतीवर ती आपटते, परत येते, मिनिटभर पाणी थरथरत राहतं. मी हे भाच्याच्या धाकट्या भावाला दाखवलं, तर तो दहा मिनिटं हौदापासून हटेना, मग म्हणाला की मामा म्हणजे पहिली बोट गेली की तिची लाट मागच्या बोटीला परत मारते. बरोबर तेच. म्हणून चांगल्या कोर्सचे काठ तिरपे, खडीचे नाही तर गवताचे असतात. जिथं उभी भिंत टाळता येत नाही तिथं लाट मोडायला तरंगती साधनं लावतात. टोकियोच्या २०२१ ला झालेल्या ऑलिम्पिकचा कोर्स समुद्राच्या खाडीत होता, तिथं ही लाटा मोडणारी साधनं लावली आणि त्यांना कालवं चिकटून चिकटून ती वजनानं खाली जायला लागली, सगळी काढून साफ करावी लागली. पाणी गोडं की खारं याचा इतिहासाशी काय संबंध असं वाटतं, तो असा असतो.

बारीक खुणाही बघत चला. कोर्सच्या लेन पाण्यावर बॉयांच्या, म्हणजे तरंगणाऱ्या गोळ्यांच्या, ओळींनी आखलेल्या असतात, त्या पद्धतीला आल्बानो म्हणतात, कारण १९६० च्या रोम ऑलिम्पिकला आल्बानो सरोवरावर ती पहिल्यांदा वापरली. त्याआधीचे फोटो बघितले तर पाणी मोकळं दिसतं. म्हणजे एखाद्या जुन्या फोटोत बॉयांच्या ओळी दिसल्या तर तो १९६० च्या नंतरचा असं बऱ्यापैकी धरता येतं. पहिल्या शंभर मीटरमधले आणि शेवटच्या अडीचशे मीटरमधले बॉय वेगळ्या रंगाचे असतात, कारण रोअर पाठमोरा बसतो, त्याला शेवट दिसत नाही, बाजूनं जाणारा रंग बदलला की त्याला कळतं आता जीव लावायचा. बायकांच्या शर्यतींचा इतिहासही अंतरात लपलेला आहे, ऑलिम्पिकला त्यांना १९७६ ला पहिल्यांदा घेतलं आणि तेही हजार मीटर, २००० मीटर त्यांना १९८८ ला सोलमध्ये मिळाले. ८८ च्या आधीच्या ऑलिम्पिकमधल्या एखाद्या महिला शर्यतीची वेळ खूपच कमी दिसली तर चकित होऊ नका, अंतर अर्धं होतं.

आणि स्टार्ट. भाच्यानं एकदा स्टार्टचा व्हिडिओ पाठवला होता, तो मी कितीतरी वेळा बघितला. पाण्यावर तरंगता पाट असतो आणि प्रत्येक लेनसमोर त्याच्या टोकाला एक पोरगं पालथं झोपलेलं असतं, हनुवटी लाकडाला टेकलेली, दोन्ही हात पुढं पाण्यावर, बोटीचं मागचं टोक धरून. वारा बोटीला ढकलतो, ते पोरगं मनगटानं ती सरळ ठेवतं. बोटीचं पुढचं टोक, त्यावरचा लिंबाएवढा पांढरा रबरी गोळा, सगळ्यांचा एका रेषेत आला पाहिजे, म्हणून पाट बोटीच्या लांबीप्रमाणे पुढं-मागं करतात. सिग्नल होतो, आणि हातातून बोट सुटते, पोराच्या तोंडावर पाणी उडतं, बस. ते पोरगं कुठल्याच फोटोत नसतं. भाचा सुरुवातीचे महिने तेच काम करायचा. कोर्सचा इतिहास गोळा करायला गेलात तर चॅम्पियन नंतर, आधी अशा माणसांना भेटा, बोट धरणारे, बॉय ओढणारे, पाणवनस्पती काढणारे.

शेवटचा प्रश्न असा की स्पर्धा संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं कोण उतरलं. तोदामध्ये विद्यापीठांची पोरं उतरली, काठानं त्यांची बोटहाउस उभी आहेत. डॉर्नीमध्ये शाळेची पोरं. पुण्यात दापोडीला सीएमईच्या, म्हणजे फौजेच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, आवारातल्या चॅनलवर फौजेची पोरं, तिथंच आर्मी रोइंग नोड, म्हणजे फौजेचं रोइंगचं ट्रेनिंग केंद्र, आहे. आणि याचं फळ आपल्या अगदी शेजारचं आहे. दत्तू भोकनळ, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, आपल्या गिरणेपासून लांब नाही. दुष्काळी गाव, विहिरी खोदायच्या कामाला जाणारा मुलगा. २०१२ ला फौजेत गेला, तिथं रोइंग पहिल्यांदा बघितलं, चार वर्षांत रिओ ऑलिम्पिकला एकट्याच्या बोटीत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई खेळात चौघांच्या बोटीत सुवर्ण घेतलं. ज्याच्या गावात प्यायला पाणी नव्हतं तो पाण्यावर एवढं पुढं गेला, कारण रोज सकाळी उतरायला एक सरळ पट्टी आणि शिकवणारं माणूस मिळालं. हे मला पटलेलं आहे की आपल्या खान्देशात असे उंच, कष्टाला न थकणारे मुलं-मुली गावोगाव आहेत, कमी आहे ती पहिली बोट.

तर आता हेच सगळे प्रश्न घेऊन आपल्या पाण्यावर जा. जळगावचं मेहरूण, धुळ्याचं नकाणे, गिरणा धरण, हतनूरचा फुगवटा, वाघूर, सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज, ज्याला जे जवळ असेल ते. माझं मत आधीच सांगतो, नवीन खोदायचा विचार सोडून द्या, वरचा पाण्याचा हिशोब बघितलाच आहे. असलेल्या पाण्यात सरळ रेघ शोधा. नकाशावर मोजताना २००० मीटर नाही मिळाले तरी निराश होऊ नका, शिकायला पाचशे मीटर पुरतात, लहान वयाच्या शर्यती कमी अंतराच्याच असतात. बॅरेजच्या वरचं पाणी मला जास्त आशेचं वाटतं, कारण नदीचं पात्र असल्यानं ते लांबट असतं, धरणासारखं पसरट नाही. पण तिथं दारं उघडली की पाणी क्षणात पळायला लागतं, हतनूरला तर ४१ दारं आहेत, पावसाळ्यात सारखी वर-खाली होतात, तेव्हा पावसाळ्यात कोणालाही पाण्यात उतरवू नका. पिण्याच्या पाण्याचा तलाव असेल तर मोटरबोट नकोच, कोचनं काठानं सायकलवरून शिकवायचं. आणि जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट याशिवाय एक पाऊल पण पाण्यात नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी नाही.

खोली मोजायला सुतळी घ्या, दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा, टोकाला दगड बांधा आणि ओळखीच्या भोयाच्या होडीतून, त्यालाच वल्हवू देऊन, ठरवलेल्या रेघेवर दर पन्नास मीटरला सोडा. साडेतीन मीटर म्हणजे सात गाठी. प्रत्येक ठिकाणी किती गाठी बुडाल्या ते लिहा, तारीख लिहा, वारा कुठून होता ते लिहा, त्या वेळी भोई काय म्हणाला ते पण लिहा.

हे काम कोजागिरीला एकदा करा, तेव्हा सगळीच पाणी भरलेली आणि देखणी असतात, त्यावर विश्वास ठेवू नका. संक्रांतीला परत जा. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नक्की जा. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडाला झोके बांधलेले असतात, ऊन डोक्यावर असतं. पोटभर जेवून संध्याकाळी उन्हं कलली की त्याच रेघेवर, त्याच सुतळीनं मोजा. बऱ्याच ठिकाणी होडी न्यायलाच चिखल तुडवत जावं लागेल. त्या दिवशी जिथं जिथं सुतळीच्या पाच-सहा गाठी बुडतील ती जागा वहीत लाल पेनानं गोल करा, आणि मग मला कळवा, मी भाच्याला सुट्टीत घेऊन येतो.